मकबूल पेंटरचा एक

नांदेडच्या इतवाऱ्यात कुठल्याही जुन्या दुकानासमोर उभं राहावं आणि पाटीवरचा फोन नंबर बघावा. त्यात एकचा आकडा असला आणि त्या एकाच्या डोक्यावर मिशीला पीळ दिल्यासारखी मुरड असली, तर ती पाटी मकबूल पेंटरची. चाळीस वर्षं त्यांनी नांदेडात, लोह्यात, हदगावात पाट्या रंगवल्या. मेडिकल, खताची दुकानं, पिठाच्या गिरण्या, निवडणुकीच्या दिवसांत भिंतीही. बाकीचे आकडे ते चारचौघांसारखेच काढायचे, एक मात्र आपल्या पद्धतीचा. "एकटा उभा असतो बिचारा, त्याला जरा रुबाब पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. पुढं फ्लेक्स आले आणि पेंटरांची सद्दी संपली. त्यांच्या हाताला कंप सुटला तोही त्याच सुमाराला, म्हणजे काम गेलं म्हणून रडायलाही त्यांना नीट जागा उरली नाही.

त्यांची मुलगी मुबश्शिरा लातुरात औसा रोडला खोली घेऊन राहायची आणि वेबसाइट बनवायची. क्लासवाल्यांच्या, डाळमिलवाल्यांच्या, एका मंगल कार्यालयाचीही. तिची स्वतःची एक वेबसाइट होती आणि तिच्यावर 'माझ्याबद्दल' म्हणून एक पान. त्यात तिनं आपल्या आवडी लिहिल्या होत्या: रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढणं, स्कूटीवरून विनाकारण हिंडणं आणि कैरीचं लोणचं. लोणच्यावरून गिऱ्हाइकं तिची चेष्टा करायची. पाट्यांचं वेड मात्र चेष्टेवर थांबलं नव्हतं. अब्बांच्या हयात पाट्यांचे हजारभर फोटो काढून, त्यातलं एकेक अक्षर उचलून, दोन वर्षं डोळे फोडून तिनं एक फाँट तयार केला होता. मोबाइलवर पान उघडलं की मजकूर अब्बांच्या हातच्या अक्षरात दिसायचा. फाँटला तिनं नाव दिलं 'मकबूल'. त्यात एक अर्थातच मुरडीचा होता.

लातुरातल्या एका बालरुग्णालयाची वेबसाइट तिच्याकडं आली, तेव्हा मडिवाळप्पा डॉक्टरांना तो फाँट बघताक्षणी आवडला. डॉक्टरांचं स्वतःचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाही लागायचं नाही. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की पेशंट घरी जाताना वेबसाइटवरच्या औषधाच्या तक्त्याची लिंक मोबाइलवर पाठवायची, तक्ता मराठीत, मराठी आकड्यांत. "हे अक्षर खेड्यातल्या माणसाला ओळखीचं वाटतं," ते म्हणाले. "डोळे झाकून भरवसा ठेवतील." मुबश्शिराला त्या दिवशी भूक लागली नाही, इतका आनंद झाला. रविवारी वेबसाइट सुरू झाली.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं ती नांदेडला आली, अब्बांना दाखवायला.

अब्बा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिनं नमुन्याचा तक्ता उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं-जवळचं सगळं लख्ख दिसायचं आणि त्याचा ते दिवसातून दोनदा उल्लेख करायचे. त्यांनी अक्षरं ओळखली. बोटानं हवेत एक वेलांटी काढली. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात ते तक्ता वाचायला लागले.

"सकाळी नऊ मिली, रात्री नऊ मिली," अब्बा म्हणाले. "कुणाच्या घोड्याला देऊन राहिले हे औषध?"

मुबश्शिरा हसली. "अब्बा, तो एक आहे. तुमचाच एक."

अब्बांनी मोबाइल जवळ नेला, लांब धरला. "माझा एक मला वळखू येणार न्हाई का? नऊ आहे हा."

"नीट बघा ना."

"नीटच बघून राहिलो. नऊ."

तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तिनं अम्मीला हाक मारली. फरीदा कणकेच्या हातानंच बाहेर आल्या, मोबाइलला हात न लावता वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "नऊ. का?"

मुबश्शिरानं दोन बोटांनी पडद्यावरचा आकडा मोठा केला. मोठा झाल्यावर तो एक होता, मुरडीसकट, रुबाबात उभा. सोडला तसा पुन्हा बारीक झाला, मुरड त्याच्या पोटाला चिकटली आणि मधली फट बुजून गेली. आता तो नऊ होता. तिनं पुन्हा मोठा केला, पुन्हा सोडला. एक, नऊ. हा एक अब्बांनी फूटभर उंचीचा काढला होता, रस्त्यापलीकडून वाचायला. तिनं तो तिळाएवढा करून लोकांच्या हातात दिला होता. आणि दोन वर्षांत तिच्या एकदाही लक्षात आलं नाही, कारण बोलायला लागली तेव्हापासून ती हा आकडा बघत आली होती. घरातल्या माणसाचं तोंड अंधारातही ओळखू यावं तसा तो तिला एकच दिसायचा.

रविवार, सोमवार, मंगळवार. लहान मुलांची औषधं.

ओट्याच्या कडेला ती मटकन बसली आणि थोडा वेळ तिला लॅपटॉपच्या पिशवीची चेन उघडेना. ती भयंकर घाबरली होती. अम्मी काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. वेबसाइटनं 'मकबूल' मागायचाच नाही, मोबाइलमध्ये जो साधा फाँट असेल तो वापरायचा, एवढीच एक ओळ बदलायची. ती बदलताना तिची बोटं तीनदा चुकली. मग तिनं अब्बांच्या मोबाइलवर, अम्मीच्या मोबाइलवर, शेजारच्या शिंप्याच्या मोबाइलवर तक्ता उघडून बघितला. साधा, सरळ, बिनरुबाबाचा एक. पण ज्यांनी वाचायचं त्यांचं वाचून झालं असेल, आणि वाचलेलं कुठून दुरुस्त करणार?

तिनं रुग्णालयाच्या काउंटरवर फोन लावला. तिथं पुनम असायची, सगळ्या पेशंटांची यादी तोंडपाठ असलेली.

"पुनम, रविवारपासून जेवढे तक्ते गेले, त्यातल्या पातळ औषधवाल्यांना फोन कर. एक मिली लिहिलंय ते नऊ दिसतंय. आत्ताच्या आत्ता."

"काय बोलून राहिली तू? मला तर एकच दिसलं."

"तुला डोस माहीत होता म्हणून. पुनम, कर ना फोन. डॉक्टरांना मी सांगते."

डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "गोळ्यांचं भय नाही, नऊ गोळ्या कोणी देत नाही. पातळ औषधवाली तीन मुलं आहेत," आणि त्यांनी फोन ठेवला.

तीन. तिनं स्वयंपाकघराच्या दाराला टेकून वाट बघितली. पाच मिनिटांनी पुनमचा फोन आला. पहिल्या घरी आजोबांनी बाटली बघून एकच दिलं होतं. आणखी काही वेळानं दुसरा: औषध अजून आणलंच नव्हतं, आणि ते ऐकून मुबश्शिराला त्या निष्काळजी माणसाचे पाय धरावेसे वाटले. तिसरी एक मुलगी होती, परी, सव्वा वर्षाची, लोह्याजवळच्या गावची. झटके यायचे म्हणून दाखल केली होती, काल संध्याकाळी, रात्रीचा डोस रुग्णालयातच घेऊन, घरी गेली. तिच्या घरचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

"पुन्हा लाव."

"सहादा लावला, मुबा."

त्यानंतरचा अर्धा तास कसा गेला ते तिला नंतर कधी नीट आठवलं नाही. अब्बा समोर बसून होते. अम्मींनी चहा केला तो तसाच निवला. तिच्या डोळ्यांसमोर सारखी एक पिचकारी, पाच मिलीची, बिनसुईची, भरलेली. नऊ द्यायचे तर ती दोनदा भरावी लागणार. दुसऱ्यांदा भरताना तरी त्या बाईला शंका यावी, अशी तिनं दुवा मागितली.

फोन वाजला. पुनम रडत होती.

"दिलं गं त्यांनी. सकाळी नऊ मिली दिलं. पोरगी उठंना म्हणून नांदेडलाच आणलीय, तिथल्या दवाखान्यात. तिच्या बापानं आत्ता उचलला फोन. आपल्या सरांनी तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलंय."

"जिवंत आहे ना?"

"श्वास लई हळू चाललाय म्हणतात."

मुबश्शिरा उठली. अब्बाही उठले, काठी घेतली. "मी येतो," एवढंच म्हणाले. दोघं रिक्षानं निघाले. वाटेत तीन ठिकाणी अब्बांच्या जुन्या पाट्या लागल्या. तिनं मान वळवून घेतली.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बाकड्यांची रांग होती. ती माणसं कोण हे विचारावं लागलं नाही. एक तरुण भिंतीला हात लावून उभा होता, तो परीचा बाप सत्यम. बाकड्यावर पदर तोंडाला लावून त्याची आई सिंधुबाई. आणि खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेतलेली परीची आई तनुजा. वय फार तर बावीस-तेवीस. केस सुटलेले, एका पायात चप्पल होती, दुसरीचा पत्ता नव्हता.

मुबश्शिरा खांबाआड थांबली. एक पाऊलही पुढं टाकवेना.

सत्यमच्या हातात तनुजाचा मोबाइल होता. पुनमचा फोन आल्यावर त्यानं तो तक्ता पुन्हा उघडला असावा. तो खाली बसला आणि त्यानं मोबाइल बायकोच्या तोंडासमोर धरला.

"हे बघ. काय लिहिलंय? वाच."

तनुजानं बघितलं.

"वाच ना."

"एक," ती म्हणाली.

"मग नऊ कुठून काढलंस तू?"

"नऊ होतं ओ. सकाळी नऊच होतं."

"सकाळी नऊ आन् आता एक? दवाखानेवाले म्हणून राहिलेत, अक्षर नीट दिसत नव्हतं. हे बघ की, सरळ एक दिसतंय. पोरालाबी वाचता येईल."

सिंधुबाईंनी पदर तोंडावरून काढला. "बारावी शिकलेली सून म्हणून गावभर मिरवत होते मी. दोनदा भरलीस गं पिचकारी? हात नाही थरथरला तुझा?"

"थरथरला," तनुजा म्हणाली. "लई वाटलं मला नऊ. पण ते अक्षर आपल्या लोह्याच्या मेडिकलच्या पाटीवानी होतं, म्हणून म्हणलं बरोबरच असंल. तुम्हाला फोन बी लावला होता, तुम्ही बाजारात होता." हे नवऱ्याला. मग तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या आकड्याकडं बघत राहिली. बोटानं तो मोठा केला, बारीक केला. तो एकच राहिला. "मला नऊ दिसलं होतं," ती पुन्हा म्हणाली, पण आता आवाजात जोर नव्हता. पुढचं वाक्य तिनं इतकं हळू म्हटलं की मुबश्शिराला ओठांवरून कळलं. "का मीच चुकले?"

आपण काय केलंय ते आता कुठं मुबश्शिराला पुरतं समजलं. दुपारी घाईघाईनं, भीतीपोटी, लोकांचा जीव वाचावा म्हणून तिनं जी ओळ बदलली, त्या ओळीनं या बाईचा पुरावा पुसला होता. जगातल्या कुठल्याही मोबाइलवर तो तक्ता आधी कसा होता ते आता दिसणार नव्हतं. सगळ्यांना सरळ, स्वच्छ एक दिसणार होता, आणि हा एवढा सरळ एक या बाईला वाचता आला नाही असंच गाव म्हणणार होतं. आत ती पोरगी जगली तरी म्हणणार. गेली तर, आईनंच मारली म्हणणार.

आणि मुबश्शिराला कोणी काही म्हणणार नव्हतं. पुनम बोलायची नाही. डॉक्टरांना आपल्या रुग्णालयाचं नाव सांभाळायचं होतं. अक्षर नीट दिसत नव्हतं, एवढ्यावर सगळ्यांनी भागवलं होतं. एका पावलाचंच अंतर होतं: मागं टाकलं तर जिना, खाली रिक्षा, घर.

अब्बांनी तिचा दंड धरला. त्यांचा हात नेहमीसारखा कापत होता, पण पकड घट्ट होती.

"बेटा, घरी चल," ते कानाशी म्हणाले. "आता नको. पोरीचं काय होतं ते आधी कळू दे. हे लोक आत्ता कसे आहेत बघ. तू नाव सांगशील, आन् मग पुढचं कोणी ऐकून घेणार न्हाई."

तिला तेच हवं होतं. कोणीतरी घरी चल म्हणावं, एवढंच हवं होतं. ती खरोखरच अर्धी वळली. तेवढ्यात तनुजानं मोबाइल फरशीवर पालथा ठेवला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, मग दुसऱ्यांदा. कोणी तिचा हात धरला नाही.

मुबश्शिरानं अब्बांची बोटं सोडवली. तनुजासमोर जाऊन ती फरशीवर बसली, कारण उभं राहून तिला बोलता आलं नसतं.

"ताई, तुम्ही बरोबर वाचलंत," ती म्हणाली. "नऊच दिसत होतं. ते अक्षर मी बनवलंय."

तिघांनीही तिच्याकडं बघितलं. कोणाला काही कळलं नाही.

तिनं लॅपटॉप उघडला. जुनी फाइल तिच्याकडं होती, ती लावली, आणि पडद्यावर मोबाइलच्या मापाचा तक्ता आणला. 'सकाळी १ मिली, रात्री १ मिली' हीच ओळ, पण अब्बांच्या अक्षरात. लॅपटॉप तिनं तनुजाकडं फिरवला.

तनुजा पुढं वाकली. बराच वेळ ती बघत राहिली, जसं काही ते नाहीसं होईल.

"हेच," ती म्हणाली. "हेच होतं. नऊ."

सत्यमनं लॅपटॉप हिसकावून घेतला. "काय आहे हे?"

"हा एक आहे," मुबश्शिरा म्हणाली. "मी तो असा काढला की बारीक झाल्यावर नऊ दिसतो. आज दुपारी माझ्या वडिलांनी वाचला तेव्हा मला कळलं. मग मी घाईनं दुसरं अक्षर लावलं, म्हणून आता तुमच्या मोबाइलवर सरळ दिसतंय. यांची काही चूक नाही. माझी आहे. माझं नाव मुबश्शिरा. मी इतवाऱ्यातली, मकबूल पेंटरची मुलगी."

सत्यम पडद्याकडं बघत होता. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. तो आपल्याला मारणार असं तिला वाटलं, आणि तिनं मान खाली घातली. मागं काठीचा आवाज आला, अब्बा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काय लिहिलंय रं?" सिंधुबाईंनी मुलाला विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

सत्यमनं पडदा जवळ नेला. "नऊ," तो म्हणाला. "मला बी नऊच दिसून राहिलं, आई."

सिंधुबाई सुनेकडं बघायला गेल्या आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांनी नजर दाराकडं लावली. सत्यमनं लॅपटॉप खाली ठेवला, अलगद ठेवला, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मुबश्शिराला वाटलं, काहीतरी बोला, शिव्या तरी द्या.

आतलं दार उघडलं. नर्स अर्धी बाहेर आली. "परीची आई कोण? डोळे उघडलेत तिनं, रडून राहिली. डॉक्टर म्हणतात अजून रात्रभर बघावं लागंल, पण तुम्ही या आत."

तनुजा भिंतीचा आधार घेत उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. मागं वळून ती मुबश्शिराशी बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"ते बंद करू नका," ती म्हणाली. "माझे सासरे येऊन राहिलेत गावाहून, मागं चुलते बी हायत. रस्त्यानं सगळे मलाच बोलत येत असतील. त्यांनला दाखवा. मी बाहेर येईस्तोवर तसंच ठेवा."

"ठेवते," मुबश्शिरा म्हणाली.

दार लागलं. लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. बाकड्यामागं भिंतीत एक सॉकेट होतं, पण तिथं सिंधुबाई बसल्या होत्या. मुबश्शिरा चार्जर हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मागायचं कसं ते तिला सुचेना. सिंधुबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, पण त्या सरकून बसल्या.